शनिवारच्या प्रदर्शनाआधी: व्हेंडिंग मशीन, छोटे संगणक आणि पेटंट

(या भागात जे बोललो त्याचा हा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती आणि अधलंमधलं ‘म्हणजे… म्हणजे…’ काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग ठरलेला नव्हता. आज खरं तर मी कीबोर्डवर बोलणार होतो, तो भाग पुढच्या वेळी. झालं असं की मागच्या सोमवारी रात्री एक व्हॉइस मेसेज आला. सांगली जिल्ह्यातली एक मुलगी, पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती आणि तिच्या मैत्रिणीने मिळून मुलींच्या शाळेसाठी सॅनिटरी पॅडचं व्हेंडिंग मशीन बनवलंय. आत रास्पबेरी पाय आहे, म्हणजे तळहाताएवढा संगणक. नाणं टाकलं की पाकीट खाली येतं. आणि तिचा प्रश्न होता, ‘दादा, शनिवारी आमचं प्रदर्शन आहे. आमच्या मशीनला पेटंट मिळेल का?’

पुढे तिने पूर्ण साडेचार मिनिटं मशीन आतून कसं चालतं ते सांगितलं होतं. नेहमीच्या मशीनमध्ये स्प्रिंग असते, ती फिरते आणि पाकीट पुढे ढकललं जातं. पण पॅडचं पाकीट मऊ, ते स्प्रिंगमध्ये अडकतं. नाणं गेलं, पाकीट आलं नाही. शाळेतल्या मुलीची त्या क्षणी काय अवस्था होत असेल, ते मी सांगायला नको. तर या दोघींनी स्प्रिंगऐवजी वेगळंच काहीतरी केलंय.

काय केलंय ते मी सांगणार नाही. का नाही, ते भाग संपेपर्यंत कळेल.

मेसेज ऐकून झाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तिला फोन. रात्रीचे साडेदहा वाजले होते, फोन वडिलांनी उचलला, थोडा गोंधळ झाला. पण बोलणं झालं. मी एवढंच म्हटलं, ‘हा मेसेज अजून कुणाला पाठवलास का? नसेल तर पाठवू नकोस. आणि शनिवार यायच्या आत आपल्याला एक काम करायचंय.’

एवढी घाई का, हे सांगण्यासाठी मला आधी थोडं मागे जावं लागेल. बरंच मागे.

व्हेंडिंग मशीन ही गोष्ट आपल्याला एकदम आधुनिक वाटते. विमानतळ, मॉल, मेट्रो स्टेशन. पण साधारण २,००० वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात हेरॉन नावाचा एक माणूस होऊन गेला. त्याने एका यंत्राचं वर्णन लिहून ठेवलंय. देवळाच्या दारात एक भांडं. वरच्या खाचेतून नाणं टाकायचं. नाणं आतल्या एका छोट्या तबकडीवर पडतं, तबकडी वजनाने खाली झुकते, ती एका दांडीला जोडलेली असते, दांडीच्या दुसऱ्या टोकाची झडप उघडते आणि पवित्र पाणी बाहेर येतं. तबकडी झुकत गेली की नाणं घसरून खाली पडतं, दांडी पुन्हा जागेवर, झडप बंद. संपलं. वीज नाही, मोटर नाही. तरी मोजून पाणी.

आता विचार करा, या यंत्रात अडचण काय? अडचण अशी की तबकडीला नाणं कळत नाही, तिला फक्त वजन कळतं. तेवढ्याच वजनाचा दगड टाकला तरी पाणी येणारच. दुकानात माणूस बसलेला असेल तर तो नाणं बघतो, वाजवून बघतो, आणि तोंडही बघतो. मशीनमध्ये तो माणूसच नाही. व्हेंडिंग मशीनचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे, जागेवर नसलेल्या त्या दुकानदाराचं एकेक काम यंत्राला शिकवणं.

१८८० च्या दशकात या. लंडन. पर्सिव्हल एव्हरिट नावाचा माणूस पोस्टकार्ड विकणारं मशीन काढतो. रेल्वे स्टेशनवर, पोस्टात ही मशीन लागतात. आपल्याकडे स्टेशनवर रंगीत दिव्यांची, फिरत्या चकत्यांची वजनाची मशीन असायची ना? नाणं टाकलं की जाड तिकीट यायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. नाणं टाकून वजन करायच्या काट्याचं पेटंटही या एव्हरिटच्या नावावर आहे. म्हणजे दादर स्टेशनवर आपण ज्याच्यावर उभे राहायचो, त्याचा हा पणजोबा.

पण मला एव्हरिट आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. त्याच्या एका पेटंटमध्ये तो काय म्हणतो? म्हणतो, मुद्दाम कुणी खोडी काढली नाही तर आमचं यंत्र उत्तम चालतं. पण लोक नाण्याच्या खाचेत कागद कोंबतात, संत्र्याच्या साली कोंबतात, बाकीचा कचरा कोंबतात. आणि मग त्यावर उपाय.

संत्र्याची साल! पेटंटच्या कागदात! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो, आणि मग गप्प झालो. कारण पेटंट म्हणजे काय हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं. आपल्याला वाटतं पेटंट म्हणजे कुणाला तरी ‘आयडिया’ सुचली आणि त्याने ती नावावर केली. पोस्टकार्ड विकणारं मशीन ही आयडिया झाली. पेटंट मिळतं ते अमुक एक अडचण अमुक अशा रचनेने सोडवली, याला. संत्र्याची साल आत गेली तरी यंत्र बंद पडू नये म्हणून काय केलं, ते.

दुसरं उदाहरण. नाणं खरं की खोटं, हे यंत्राला कसं कळणार? जुन्या पाश्चात्त्य मशीनमध्ये यासाठी चुंबक वापरायचे. लोखंडी वॉशर टाकला तर तो चुंबकाला चिकटतो, पुढे जातच नाही. पण तांब्याच्या मिश्रधातूचं नाणं चिकटत नाही. ते चुंबकाजवळून घरंगळत जाताना त्याच्या आत विजेचे छोटे भोवरे तयार होतात आणि त्यामुळे त्याचा वेग थोडा कमी होतो. धातू कुठला, त्यावर वेग किती कमी होणार ते ठरतं. त्यामुळे खरं नाणं उडी मारून बरोबर ठरलेल्या जागी पडतं. शिशाचं खोटं नाणं दुसरीकडे पडतं आणि परत बाहेर येतं. किती सुंदर आहे बघा. संगणक नाही, काही नाही. पदार्थविज्ञानाच्या एका नियमाला दुकानदार म्हणून बसवलंय.

हे सगळं मला माहीत आहे, कारण एकदा मी स्वतः या नाण्यांच्या भानगडीत पडलो होतो. आता माझी गोष्ट सांगतो. फारशी अभिमानाची नाही.

२०१३. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मी आणि माझा एक मित्र, त्याचं नाव नाही घेत, आम्ही लॅबच्या बाहेर ठेवायला स्टेशनरीचं मशीन बनवलं. पेन, जर्नलचे कागद, ग्राफ पेपर. ग्राफ पेपर २ रुपयांना. आत रास्पबेरी पाय. हा पाय वर्षभरापूर्वीच, २०१२ मध्ये बाजारात आला होता आणि आम्हाला त्याचं वेड लागलं होतं. बाजारातून एक कॉइन अ‍ॅक्सेप्टर आणून बसवला.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी हिशोब केला. ६० ग्राफ पेपर गेले होते. १२० रुपये हवेत. डब्यात निघाले ९७. म्हटलं मोजायला चुकलो. पुन्हा मोजलं. नाणी बरोबर ६० होती. पण त्यातली २३ नाणी १ रुपयाची होती. मशीनने ती २ रुपये म्हणून घेतली होती.

शोधलं तेव्हा कळलं. २०११ मध्ये नवीन नाणी आली. त्यातलं २ रुपयांचं नाणं २५ मिलिमीटर व्यासाचं, ४.८५ ग्रॅम वजनाचं, स्टेनलेस स्टीलचं. आणि १९९२ पासूनचं जुनं १ रुपयाचं नाणं? २५ मिलिमीटर. ४.८५ ग्रॅम. स्टेनलेस स्टील. व्यास तोच, वजन तेच, धातू तोच. आणि वर हे स्टील चुंबकाला चिकटणारं. म्हणजे ती घरंगळायची युक्ती इथे चालणारच नाही. मुलांना हे आमच्या आधी कळलं होतं, हे वेगळं सांगायला नको. घरची सगळी जुनी रुपयाची नाणी आमच्या मशीनमध्ये यायला लागली.

माझ्या डोक्यात आलं की कॅमेरा लावू, नाण्यावरचा आकडा वाचू. रास्पबेरी पायला जोडायचा छोटा कॅमेरा तेव्हा नुकताच मिळायला लागला होता. पण नाणं चकचकीत, कॅमेऱ्यात नुसता पांढरा ठिपका दिसायचा. झिजलेलं नाणं असेल तर तेही नाही. दोन आठवडे आम्ही डोकं आपटलं. आणि एका रात्री माझ्या मित्राने, लक्षात घ्या, माझ्या मित्राने, मी नाही, वरचा दिवा काढला आणि बाजूने एकच एलईडी लावला. जवळजवळ आडवा. संध्याकाळी ऊन तिरकं झालं की रस्त्यावरचे बारीक खडेसुद्धा सावलीमुळे दिसतात ना, तसं. नाण्यावरच्या उठावाच्या सावल्या पडल्या आणि झिजलेला आकडासुद्धा दिसायला लागला. मग त्याने एक खाच केली, तिच्यात नाणं अर्धा सेकंद तिरकं थांबायचं, फोटो निघायचा आणि मग ते पुढे जायचं.

हे मी आता बिनधास्त सांगतोय. कारण ते आता कुणाचंच नाही. कसं, ते सांगतो.

फेब्रुवारी २०१४ मध्ये कॉलेजचं टेक्निकल प्रदर्शन होतं. मित्र म्हणाला, ‘आधी पेटंटचं बघूया का? कुणाला तरी विचारूया.’ मी म्हटलं, ‘अरे, पेटंट होईल सावकाश, बक्षीस आत्ता आहे.’ पोस्टर केलं. पोस्टरवर त्या खाचेची आकृती काढली, कोनासकट. परीक्षकांना दाखवलं, आलेल्या सगळ्यांना दाखवलं. पहिलं बक्षीस मिळालं. ५,००० रुपये आणि एक ढाल. मार्चमध्ये कॉलेजने सगळे प्रोजेक्ट रिपोर्ट वेबसाइटवर टाकले. आम्हीच सही करून परवानगी दिली होती. आम्हाला आनंदच झाला, आपलं नाव वेबसाइटवर!

जूनमध्ये आम्ही पेटंटचा अर्ज केला. चार वर्षांनी परीक्षण अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की हा शोध नवीन नाही, अर्जाच्या तारखेआधीच तो प्रसिद्ध झालेला आहे. आणि पुरावा म्हणून काय जोडलं होतं? आमचाच प्रोजेक्ट रिपोर्ट. आमची आकृती. आमचा कोन.

आम्ही उत्तरच दिलं नाही. अर्ज तसाच मेला.

आता तुम्ही म्हणाल, कायद्यात काहीतरी सवलत असेल. अमेरिकेत आहे. तिथे शोध लावणाऱ्याने स्वतःच तो जाहीर केला तर त्यानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो. आपल्या कायद्यात अशी सरसकट सवलत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये प्रदर्शनाची सवलत आहे, १२ महिन्यांची. ती वाचून पुष्कळ जण फसतात. कारण ती कुठल्याही प्रदर्शनाला नाही. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून ज्या प्रदर्शनाला हे कलम लागू केलंय, त्यालाच ती आहे. कॉलेजच्या हॉलमधल्या प्रदर्शनासाठी कोण राजपत्र काढणार?

पैसे किती बुडाले? कदाचित काहीच नाही. ते मशीन कुणी विकत घेतलंच असतं असं मी म्हणत नाही. पण ती युक्ती माझ्या मित्राची होती. त्याच्या आयुष्यातला तो पहिला खरा शोध होता. आणि ‘हे मी केलं’ असं म्हणायचा त्याचा कागदोपत्री हक्क मी ५,००० रुपयांच्या घाईत घालवला. अहवाल आल्यावर दोन वर्षं तो माझ्याशी धड बोलला नाही. ढाल अजून माझ्या आईच्या शोकेसमध्ये आहे. पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवते. मी तेव्हा चहा आणायला आत जातो.

असो.

याच्या उलट एक गोष्ट सांगतो, म्हणजे वेळेवर अर्ज केला की काय होतं ते कळेल. आपण मशीनकडून जरा संगणकाकडे जाऊ. कारण त्या मुलीच्या पेटीत दोन्ही आहेत, आणि टेबलावर मावणाऱ्या संगणकाचा जन्मही असाच अडचणीतून झालाय.

इटलीत इव्हरेआ नावाचं गाव आहे. तिथे ऑलिव्हेट्टी ही टाइपरायटर बनवणारी कंपनी. तिचा एक इलेक्ट्रॉनिक्स विभागही होता. १९६४ मध्ये तो विभाग अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकला विकला गेला. पिएर जॉर्जिओ पेरोत्तो नावाचा इंजिनिअर आणि त्याचे मोजके सहकारी तेव्हा एका छोट्या यंत्रावर काम करत होते. संगणक म्हटलं असतं तर तेही जनरल इलेक्ट्रिककडे गेलं असतं. मग त्यांनी काय केलं, कागदावर त्याला ‘कॅल्क्युलेटर’ म्हटलं. वाचलं!

तेव्हाचे संगणक खोलीभर असायचे. मग हा टेबलावर कसा मावला? स्मृती, म्हणजे मेमरी, हा मोठा प्रश्न. यांनी ती एका तारेत ठेवली. तारेच्या एका टोकाला कंपन द्यायचं, ते तारेतून प्रवास करत दुसऱ्या टोकाला पोचतं, तिथे वाचायचं आणि पुन्हा पहिल्या टोकाला सोडायचं. आकडे तारेत सतत फिरत राहतात. सगळी मिळून २४० बाइट. आज तुमच्या एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजला त्याहून जास्त लागतात. आणि प्रोग्राम जपून ठेवण्यासाठी एक चुंबकीय कार्ड. हिशोबाचा प्रोग्राम कार्डावर, कार्ड खिशात. दुसऱ्या ऑफिसात गेलात, कार्ड सरकवलं, काम सुरू.

ऑक्टोबर १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात हे यंत्र ठेवलं. प्रोग्रामा १०१. किंमत ३,२०० डॉलर. लोक वाकून बघायचे की मोठ्या संगणकाला जोडलेली वायर कुठे लपवली आहे. पुढे अशी सुमारे ४४,००० यंत्रं विकली गेली. नासाने घेतली. पण आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. ह्यूलेट पॅकार्डने त्यानंतर आपलं ९१०० नावाचं टेबलावरचं यंत्र काढलं, त्यातही चुंबकीय कार्ड. आणि ह्यूलेट पॅकार्डला ऑलिव्हेट्टीला सुमारे ९ लाख डॉलर स्वामित्वशुल्क द्यावं लागलं. एवढ्या मोठ्या कंपनीला! का? कारण न्यूयॉर्कमध्ये पडदा उघडण्याआधी पेटंटचे अर्ज झालेले होते. आधी अर्ज, मग प्रदर्शन. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

मात्र पेटंट म्हणजे यशाची हमी नाही, हेही त्याच टेबलावर शिकायला मिळतं. छोट्या संगणकाची संत्र्याची साल म्हणजे उष्णता. पेटी लहान केली की गरम हवा जाणार कुठे? अ‍ॅपलने २००० मध्ये एक सुंदर चौकोनी संगणक काढला, पॉवर मॅक जी ४ क्यूब. आतला घन सुमारे २० सेंटिमीटरचा. पंखाच नाही. खालून थंड हवा आत येते, तापते, आपोआप वर जाते, जशी आपल्या धुराड्यातून जाते. कल्पना झकास. पण महाग पडला, वर्षभरात, जुलै २००१ मध्ये, थांबवला. मग २०१३ मध्ये त्यांनी गोल डब्यासारखा मॅक प्रो काढला. मध्ये त्रिकोणी धातूचा गाभा, त्याच्या तीन बाजूंना सर्किट बोर्ड, आणि सगळ्यांची उष्णता वर खेचणारा एकच पंखा. या रचनेवर अ‍ॅपलने पेटंट घेतली. पण पुढे बाजाराला हवी तशी ग्राफिक्स कार्डं मोठी, तापणारी झाली आणि ती त्या त्रिकोणात मावेनात. २०१७ मध्ये कंपनीच्या लोकांनी पत्रकारांसमोर कबूल केलं की उष्णतेच्या बाबतीत आम्ही स्वतःलाच कोपऱ्यात नेऊन बसवलं. पेटंटमुळे दुसऱ्याला अडवता येतं. गिऱ्हाईक आणता येत नाही.

बरं, आता दोन्ही एकत्र. व्हेंडिंग मशीन अधिक संगणक. हेही नवीन नाही. १९८२ च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकाच्या विद्यार्थ्यांनी कोकच्या मशीनला नेटवर्कवर जोडलं होतं. प्रत्येक खणाच्या दिव्यावरून ते ओळखायचे की बाटली आहे की संपली, आणि भरून तीन तास झाले असतील तर पडद्यावर ‘थंड’ असं दिसायचं. का? तर जिना उतरून जावं आणि कोक गरम निघावा, हे नको म्हणून.

म्हणून, सांगलीच्या ताई, आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. नीट ऐक.

‘आमच्या मशीनला पेटंट मिळेल का?’ मशीनला नाही मिळणार. व्हेंडिंग मशीन जुनं, रास्पबेरी पाय तयार मिळतो. दोन माहीत असलेल्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि दोन्ही आपापलं जुनंच काम करतायत, तर आपल्या कायद्याचं कलम ३(एफ) सांगतं की तो शोध नाही. तू लिहिलेल्या प्रोग्रामलाही नुसता प्रोग्राम म्हणून मिळणार नाही, ते कलम ३(के). हां, प्रोग्राममुळे यंत्रात काही तांत्रिक परिणाम घडत असेल तर त्याचा विचार व्हायला हवा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अलानी यांच्या प्रकरणात म्हटलंय. पण त्यावर भिस्त ठेवू नकोस.

तुला मिळू शकतं ते त्या एका जागेला, जिथे स्प्रिंग काढून तुम्ही दोघींनी ते दुसरं काहीतरी बसवलंय. मऊ पाकीट का अडकत होतं आणि आता का अडकत नाही. तेवढंच. ती तुझी संत्र्याची साल. ते तुला लहान वाटतं म्हणून तू तुझ्या मेसेजमध्ये ते चौथ्या मिनिटाला सांगितलंस. अर्जात ते पहिल्या पानावर यायला हवं.

आणि कुणी म्हणेल, आता यूपीआय आलं, नाणी कोण टाकतं, हे मशीन कालबाह्य आहे. त्यांना सांग, आठवीतल्या मुलीकडे शाळेत फोन नसतो. तिच्या कंपासपेटीत नाणं असतं. फक्त, जुन्या रुपयाच्या नाण्याकडे लक्ष ठेव, एवढं मी अनुभवाने सांगतो.

आता जे कुणी असं काही बनवताय त्या सगळ्यांसाठी, काम कसं करायचं ते. पूर्ण अर्ज लिहायला वेळ लागतो, पण त्याआधी तात्पुरता अर्ज करता येतो. त्याला प्रोव्हिजनल म्हणतात. त्यात शोधाचं वर्णन आणि आकृत्या लागतात. त्याने तुम्हाला तारीख मिळते. ती तारीख सगळ्यात महत्त्वाची. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचा, नाही दिला तर तो सोडून दिला असं धरतात. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये, कागदावर दिला तर १,७५०. पेटंट मिळालंच तर ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, मधे नूतनीकरणाची फी भरत राहायची. आणि तात्पुरता म्हणून दोन ओळी खरडून देऊ नका. जे त्यात लिहिलेलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही.

त्याआधी शोधा. पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवर भारतातले अर्ज फुकट बघता येतात, गूगल पेटंट्सवर जगभरातले. वाचताना सारांश वाचून घाबरू नका. शेवटी क्लेम असतात, म्हणजे दावे. पहिला क्लेम वाचा. हक्काचं कुंपण तिथे असतं. सारांशात ‘वस्तू अडकू नये म्हणून यंत्र’ असं दिसलं की आपलं संपलं असं वाटतं. क्लेम वाचला की कळतं, त्यांचा उपाय वेगळा आहे. किंवा कळतं की अगदी तोच आहे. तेही लवकर कळलेलं बरं.

आता शेवट. मंगळवारी दोघींनी बसून वर्णन लिहिलं, आकृत्या हाताने काढल्या. ऑनलाइन अर्जाला डिजिटल सही लागते, ती दोघींकडे नव्हती. माझ्या ओळखीच्या एका पेटंट एजंट बाईंनी फोनवर दोन तास देऊन मजकूर तपासला, पैसे घेतले नाहीत. बुधवारी रात्री त्या मुलीचे वडील एसटीने निघाले. गुरुवारी सकाळी सायनला उतरले आणि तिथून अँटॉप हिलला पेटंट कार्यालयात गेले. महाराष्ट्रातले अर्ज तिथेच जातात. दुपारी पावने एकला मला तिचा मेसेज आला. एक फोटो, पावतीचा. त्याच्यावर दोघींची नावं. मी मुद्दाम विचारून घेतलं होतं, युक्ती कुणाची? म्हणाली, ‘दोघींची, दादा. अर्धी अर्धी.’ मग दोघींची नावं हवीतच.

ही पावती म्हणजे पेटंट नाही. पुढे परीक्षण आहे, आक्षेप येतील, कदाचित नाकारलंही जाईल. पण नाकारलं गेलं तर ते दुसऱ्या कुणीतरी आधी केलं म्हणून जाईल, स्वतःच्याच पोस्टरमुळे जाणार नाही. शनिवारी त्या दोघी हॉलमध्ये उभ्या राहतील आणि मशीनचं झाकण उघडून सगळं दाखवतील. बिनधास्त. मी तिथे जाणार आहे.

आणि हो, माझा मित्र पण येतोय. मी त्याला फोन केला होता. तिची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘त्यांना सांग, दिवा बाजूने लावा.’

भेटूया पुढच्या भागात. कीबोर्ड घेऊन येतो. नमस्कार.